बागेच्या खालच्या ओळी

१९ जानेवारी

दादा,

माळीकाकांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिते आहे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ते मुलीकडे गेले. उन्हाळ्यापर्यंत काही परत येत नाहीत. "दादाला कळव, बागेकडे बघायला आता कोणी नाही," असं त्यांनी चालत्या गाडीतून ओरडून सांगितलं. मी फोनच करणार होते. मग तुझं वाक्य आठवलं : "तुला काही सांगायचं असेल तर लिहून पाठव. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस." तर हे घे. इथे मी तुला तोडू शकत नाही आणि तूही मला.

छाटणी काकांनी जाण्याआधी उरकली आहे. फाटकाला कुलूप आहे. किल्ली ते माझ्याकडे देऊन गेले, ती मी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली आहे आणि ती तिथेच राहील. बाबा गेल्यावर वाटण्या झाल्या त्या दिवशी तू म्हणाला होतास, "माझ्या बागेत तुझं शास्त्र नको आणि तुझे बूटही नकोत." इतक्या वर्षांत मी एकदाही आत पाऊल टाकलेलं नाही. मी हट्टी असेन, पण विसराळू नाही.

माझी नोकरी तीच. शेतकऱ्यांच्या आणि जमीनमालकांच्या दारात जायचं, त्यांचीच माती फावड्याने उकरून त्यांना दाखवायची, ओढ्याकाठची पट्टी नांगरू नका म्हणून विनवायचं, उतारावर आडवी झुडपं लावा म्हणून सांगायचं. निम्मे लोक चहा देतात, निम्मे अंगावर कुत्रा सोडतात. काही जण आधी कुत्रा सोडतात आणि मग चहा देतात.

नवीन म्हणशील तर एकच. माझ्या वाट्याचं खालचं शेत मी पाण्याला परत दिलं. आजोबांनी जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या घालून तिथलं पाणी ओढ्यात काढलं होतं ना, त्या नळ्यांची तोंडं मी डिसेंबरात बंद केली. ते शेत तसं कधी धड नव्हतंच. तिथे ट्रॅक्टरपेक्षा होडी बरी, असं तूच म्हणायचास. आता पाणी तिथे थांबतं, मुरतं आणि गाळ मागे ठेवून सावकाश ओढ्याला जातं. ओढा इतका स्वच्छ मी लहानपणीही पाहिला नव्हता. आमच्या कार्यालयाने एप्रिलमध्ये आजूबाजूच्या जमीनमालकांना ते दाखवायला आणायचं ठरवलं आहे. आमच्या मोठ्या बाई कोणाचं कौतुक करत नाहीत, पण त्यांनी बांधावर उभं राहून "हं" म्हटलं. ते आमच्याकडे पदक मिळाल्यासारखं असतं.

खोदायला यंत्रवाला आणला होता. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण यंत्र सुरू करायच्या आधी तो जमिनीला विचारतो, "बोला, कुठं दुखतंय?" त्याने एक नळी अखंड काढून दिली. बाकीच्यांच्या रांगेत नव्हती, जरा बाजूला, एकटीच होती. तिच्या ओल्या मातीवर उमटलेली कोणाची तरी बोटं भाजून तशीच राहिली आहेत. आजोबांचीच असतील. ती मी खिडकीत ठेवली आहे आणि तिच्यात पेनं घातली आहेत.

वहिनीला आठवण सांग. ती माझ्यावर रागावलेली नाही असं मी धरून चालते.

तुझी बहीण

३ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण हे कळवायलाच हवं. बाग फुलली आहे.

नुसती फुलली नाही. जर्दाळू असे फुललेले मी बाबांच्या वेळीही पाहिले नाहीत. फांदी दिसत नाही, फक्त फुलं. खालच्या ओळी तर इतक्या गच्च की लांबून वाटतं, कोणी चादरी वाळत घातल्या आहेत. सडकेने जाणारे लोक गाडी थांबवून फोटो काढतात. पोस्टमन मला म्हणाला, "तुमच्या भावाला सांगा, बाग त्यांची वाट बघतेय." मी म्हटलं, तूच सांग, पत्र तूच नेणार आहेस.

मी कुंपणाशी उभी राहून पाहिलं.

तू पीक कसं येईल असं विचारशील. फुलावरून मी पिकाचं काही सांगत नाही, हे तुला माहीत आहे. फुलं आहेत, एवढंच लिहिते.

हे पत्र शेगडीजवळ बसून लिहिते आहे. बूट वाळत ठेवले आहेत आणि त्यांचा वास घरभर झाला आहे, म्हणून खिडकी उघडली आहे. तर आता तुझ्या बागेचा वासही आत येतो आहे. दोन्ही एकदम. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

तुझी बहीण

१८ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी ते दारातच फोडलं, अर्धं दारात आणि अर्धं पायरीवर बसून वाचलं.

तू लिहिलंस : "बेडके, पहिल्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. दुसरं तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि लगेच कागद घेऊन बसलो. किल्ली खिळ्यावरून काढ. आत जा. बुटांबद्दल जे बोललो ते परत घेतो. कशी फुललीत ते कुंपणावरून नको, आतून बघ आणि मला सांग. आणि थोड्या पाकळ्या पाठव. इथे शीतगृहात बाराही महिने एकच ऋतू असतो."

बेडकी. ओढ्यात पाय सोडून बसायची म्हणून तू ठेवलेलं नाव. मला वाटलं होतं ते बाबांबरोबर गेलं.

पाकळ्या घातल्या आहेत. पातळ कागदात दाबल्या आहेत, तरी तपकिरी होतील. खालच्या ओळींमधल्या आहेत. तिथेच जास्त होत्या.

पानांचं विचारलं आहेस. पानं अजून यायची आहेत. या वर्षी जरा उशीर दिसतो.

इकडची एक गंमत. उतारावरच्या जमिनीचे एक मालक आहेत, बारा महिने डोक्यावर लोकरीची टोपी, म्हणून आम्ही त्यांना टोपीवाले म्हणतो. त्यांना शेताच्या कडेने चर खोदायचा आहे. मी माझं नेहमीचं सांगितलं, की आधी शेजाऱ्याला बरोबर घ्या आणि त्याचं कुंपण ओलांडून त्याच्या जमिनीतून चाला. तुमचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे तुमच्या हद्दीत उभं राहून कळत नाही. ते केल्याशिवाय मी चराच्या मंजुरीचा कागद पुढे पाठवत नाही. माझा नियमच आहे तो.

ते म्हणाले, "शेजारी माझा सख्खा भाऊ आहे. मी त्याच्याशी बोलत नाही."

"मग चर होणार नाही," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही जमिनी सुधारता की सोयरिकी जुळवता?"

मी हसले. मग गाडीत जाऊन बसले आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही. असो.

तुझ्या पत्राने मला काय झालं ते मला लिहिता येत नाही. ते खोटं नाही, एवढं धरून चाल.

बेडकी

४ एप्रिल

दादा,

तुझं कालचं पत्र वाचून मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

शीतगृहाची नोकरी सोडायची, कंपनीचं घर परत करायचं, वहिनीला घेऊन इकडे यायचं आणि बाग स्वतः बघायची. तू लिहितोस, "वर्षानुवर्षं दुसऱ्यांची फळं थंड करत आलो. त्या पाकळ्या बघितल्या आणि ठरलं. महिनाअखेरीस साहेबांना कागद देतो." वहिनीने तर भांडी बांधायला घेतली आहेत म्हणे.

घाई करू नकोस. तुझ्या वाट्याच्या घराचं छत गळतं. मागच्या खोलीची भिंत ओली आहे. इथला दवाखाना तुला माहीत आहे, वहिनीच्या पाठीचं काय करणार? शिवाय एका वर्षाच्या फुलांवर नोकरी सोडू नये. बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

बाग ठीक आहे. खालच्या ओळींमध्ये थोडी ओल आहे. दोनेक झाडांची पानं जरा दमल्यासारखी दिसतात. वरच्या ओळी उत्तम.

पुन्हा सांगते, कागद देण्याआधी थांब. मी सविस्तर लिहिते.

बेडकी

७ एप्रिल

दादा,

हे पत्र शेवटपर्यंत वाचलं नाहीस तरी चालेल, पण एवढं वाच : राजीनामा देऊ नकोस. तुझ्या बागेच्या खालच्या ओळी मेल्या आहेत आणि त्या मी मारल्या.

परवा मी फोन केला होता तो हे सांगायलाच. तू उचललास, "बोल बेडके" म्हणालास, आणि मी तुमच्याकडे हवा कशी आहे ते विचारलं. तू हवेबद्दल बरंच सांगितलंस. मी एकदाही तोडलं नाही. तुला त्याचं नवल वाटलं असेल.

आता सरळ लिहिते.

खिडकीतली ती नळी. मी लिहिलं होतं की ती रांगेत नव्हती, एकटीच होती. ती एका वेगळ्याच ओळीचा शेवटचा तुकडा होती, आणि ती निघाली तो डिसेंबरातला कामाचा शेवटचा दिवस होता. बाकीच्या नळ्या आम्ही फोडल्या तेव्हा त्यांतून थेंब-थेंब गळत होतं. हिच्या तोंडातून पाणी वाहत होतं, धार लागल्यासारखं. मी गुडघ्यावर बसून तिच्यात हात घातला. ते पाणी माझ्या शेतातलं नव्हतं. वरून येत होतं. माझ्या शेताच्या वर काय आहे, हे सांगायला मला नकाशा लागत नाही.

डॉक्टरने यंत्रावरून विचारलं, "मॅडम, हिचं काय करू? घालू का टाका?"

नळ्यांची ती ओळ बागेत कुठवर जाते हे बघायला हवं होतं. त्यासाठी फाटक उघडून आत चालायला हवं होतं आणि आत चालायला तुला विचारायला हवं होतं. दुसऱ्या कोणाची जमीन असती तर मी काम तिथल्या तिथे थांबवलं असतं. जो नियम मी टोपीवाल्यांच्या तोंडावर फेकते तो मला त्या क्षणी पाठ होता. पण तुला फोन करायचा म्हणजे तू म्हणणार, "बघ, शेवटी आलीस ना विचारायला." ते एक वाक्य मला ऐकायचं नव्हतं. यंत्र संध्याकाळी दुसरीकडे जायचं होतं. मी स्वतःला सांगितलं, बाग उंचावर आहे, तिला काय होतंय. आणि डॉक्टरला म्हटलं, "बुजव."

त्याने बुजवलं. त्याची चूक काही नाही, त्याला मी सांगितलं तेच त्याने केलं.

बाग उंचावर आहे, पण खालच्या ओळी नाहीत. हिवाळाभर बागेचं पाणी नळीतून बाहेर पडायला बघत राहिलं आणि वाट नाही म्हणून मागे फिरून मुळांशी बसलं. वरून काही दिसत नव्हतं, गवत हिरवंगार होतं. माळीकाका जानेवारीनंतरही इथे असते तर त्यांचे बूट रुतले असते आणि त्यांनी आरडाओरडा केला असता. ते नव्हते. मी होते, पण माझे बूट मी अभिमानाने कुंपणाबाहेर ठेवले होते.

तीन मार्चला तुला लिहिलं की कुंपणाशी उभी राहून पाहिलं. ते खोटं आहे. त्या दुपारी मी किल्ली घेऊन आत गेले होते. वास आला होता म्हणून गेले. फुलांच्या वासाखाली दुसरा एक वास होता, माझ्या धंद्यातल्या माणसाला तो ओळखू येतो. पहिल्याच पावलाला चिखल घोट्यापर्यंत आला. फावडं मारलं तर माती निळसर करडी, सडक्या अंड्यांसारखी घाण मारणारी. एक मूळ धरून ओढलं आणि त्याची साल मोज्यासारखी माझ्या बोटांत निघून आली. मुळं हिवाळ्यातच गुदमरली होती. डोक्यावर फुलं इतकी की आभाळ दिसत नव्हतं.

तुला हे माहीत नसेल, मला आहे : झाड फुलतं ते गेल्या उन्हाळ्यात लाकडात साठवलेल्यावर. फुलायला त्याला मुळं लागत नाहीत. पानं काढायची वेळ येते तेव्हा लागतात. म्हणजे मी बघत होते ती फुलं मेलेल्या झाडांची होती. घरी आले, बूट वाळत घातले आणि तुला लिहिलं, "बाग फुलली आहे." त्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. तसा मी तो निवडला होता.

का लिहिलं? तुला आनंद व्हावा म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं हे की पुढे कधीतरी "अचानक काय झालं कोण जाणे" असं म्हणायची जागा मी करून ठेवत होते.

मग तुझं पत्र आलं. बेडके, आत जा, पाकळ्या पाठव. मी पाकळ्या गोळा केल्या तेव्हा पायाखालचं पाणी पचपच वाजत होतं.

आणि यापुढचं लिहायला सगळ्यात जड आहे. तीन मार्चलाच मी ती नळी उकरून मोकळी केली असती तर मधल्या ओळी नक्की वाचल्या असत्या. मला हे कळत होतं. पण ती मोकळी केली की खालच्या शेतातलं पाणी उतरणार, आणि एप्रिलमध्ये लोक बघायला येणार होते. मोठ्या बाईंचं "हं" मला हवं होतं. शिवाय खोदकाम केलं असतं तर ते कोणीतरी तुला कळवलं असतं, आणि पुन्हा तुझी पत्रं बंद. तू मला बेडकी म्हणत राहावंस म्हणून मी तुझ्या मधल्या ओळी आणखी महिनाभर पाण्यात ठेवल्या.

आज सकाळी डॉक्टरला बोलावून नळी मोकळी केली. पाणी सुटलं तेव्हा बाटलीचं बूच काढल्यासारखा आवाज झाला. डॉक्टर म्हणाला, "मॅडम, गेल्या खेपेला टाका घातला, आता काढताय. रोगी काय म्हणतोय?" मी रडायला लागले, तेव्हा तो यंत्राआड जाऊन बिडी ओढत बसला. वरच्या ओळींना काही झालेलं नाही. मधल्यांचं उन्हाळ्यात कळेल. खालच्या गेल्या.

नाव लिहीत नाही. तू दिलेलं आहे, ते ठेवायचं की नाही हे तूच ठरव.

२४ एप्रिल

दादा,

तू लिहिणार नाहीस हे मी समजू शकते. वहिनीचा फोन आला होता, तिने तुला सांगितलं नसेल तर तिच्यावर रागावू नकोस.

ती म्हणाली, "पत्र वाचून ते उठले आणि बाहेर गेले. परत आले, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. जेवले नाहीत."

मी विचारलं, "राजीनामा?"

"महिनाअखेरीस देणार होते. पण त्यांना कुठे दम निघतोय? तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच देऊन आले. घरी येऊन मला म्हणाले, चला, सुटलो." मग म्हणाली, "तुझ्या त्या पाकळ्या त्यांनी गळ्यातल्या ओळखपत्राच्या पाकिटात ठेवल्या होत्या. कामावर सगळ्यांना दाखवायचे."

"अजून आहेत?"

"ते नको विचारूस गं."

साहेबांना भेटून राजीनामा परत मागायचं तिने सुचवलं म्हणे, तू ऐकलं नाहीस. "तुमच्या घराण्यात कोणी एकदा म्हटलेलं मागे घेत नाही, हाच तर रोग आहे," असं ती म्हणाली.

जमीनमालक येऊन गेले. मी मोठ्या बाईंना आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून कागदांवर ठेवला आणि विचारलं, "मग उद्या काय दाखवणार?" मी म्हटलं, तेच दाखवते.

आधी खालच्या शेतात न नेता सगळ्यांना तुझ्या फाटकाशी नेलं. हे तुला न विचारता केलं, तेवढं माझ्या खात्यावर आणखी मांड. खालच्या ओळींची पानं तोवर बोटाएवढी होऊन करपली होती. फुलं तपकिरी होऊन फांद्यांनाच चिकटलेली. मी फावडं मारून माती दाखवली, वास घ्यायला लावला आणि नळीची गोष्ट सांगितली. "कोणी बुजवली" असं नाही, "मी बुजवली" असं.

टोपीवाले म्हणाले, "म्हणजे ही पाणी अडवायची भानगडच वाईट ना? आम्ही पहिल्यापासून तेच म्हणतोय."

"नाही," मी म्हटलं. "ओढा बघा खाली जाऊन. पाणी अडवणं चांगलंच होतं. शेजाऱ्याला न विचारता अडवलं, ते वाईट."

"आणि शेजारी कोण?"

"माझा सख्खा भाऊ."

ते टोपी काढून डोकं खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, मला माझ्या भावाच्या दारात पाठवायला एवढी बाग मारायची काय गरज होती?" दोघे-तिघे हसले. मीही हसले असते, पण बाग तुझी होती.

नोकरी गेली नाही. नवीन शेतकरी मात्र मला या वर्षी मिळणार नाहीत, जुन्यांकडेच जायचं. मोठ्या बाई जाताना म्हणाल्या, "सगळं सांगितलंस ते बरं केलंस. उशिरा केलंस." दोन्ही खरं आहे.

छत दुरुस्त करून घेते आहे. तू येणार असलास तर कोरडं घर मिळावं, आणि नाही आलास तरी ते गळू नये म्हणून.

१९ मे

दादा,

तू पंधरवड्यापासून इथे आहेस, माझ्या खिडकीतून तुझ्या घराचा धूर दिसतो, तरी पत्रच लिहिते आहे. दाराखालून सरकवून जाईन. तू समोर आलास की मी पुन्हा हवेबद्दल बोलेन, अशी भीती वाटते.

करवतीचा आवाज रोज येतो. पहिल्या दिवशी मी मदतीला निघाले होते. फाटकाशी पोहोचले, तू पाठमोरा होतास, करवत थांबवली नाहीस. मी परत आले. तुला दिसले की नाही, माहीत नाही. बहुतेक दिसले. आज आवाज नाही, म्हणजे खालच्या ओळी संपल्या असाव्यात.

सकाळी वहिनी आली होती. कोऱ्या चेहऱ्याने म्हणाली, "त्यांनी विचारलंय, पाणी कुठवर येणार. नेमकं. अंदाज नको म्हणाले." मग स्वतःचं म्हणून जोडलं, "वरच्या ओळींना हिरवी फळं धरलीत. ते रोज मोजल्यासारखे बघत फिरतात. आणि मधल्या ओळीतलं एक झाड करवत लावून पुन्हा सोडून दिलंय. त्याच्या बुंध्यातून फुटवा आलाय म्हणे." एवढं सांगून ती चहा न घेता गेली, पण जाताना खिडकीतली नळी उचलून घेऊन गेली. मी अडवलं नाही. ती तुमचीच होती.

तर तू विचारलंस त्याचं उत्तर.

वरच्या आणि मधल्या ओळींचं पाणी आता नव्या, बंद पाइपमधून थेट ओढ्यात काढता येईल, माझ्या शेतात न थांबता. मग खालचं शेत पुन्हा ओलं ठेवलं तरी तुझ्या झाडांना बाध येणार नाही. पण जिथे खालच्या ओळी होत्या ती पट्टी तुझ्या-माझ्या मध्ये आहे. धड बाग नाही, धड पाणथळ नाही. ती कोरडी ठेवायची म्हटलं तर माझ्या शेतातल्या नळ्या कायमच्या उघड्या ठेवाव्या लागतील. ती पाण्याला सोडली तर तिथे जर्दाळू पुन्हा लागणार नाहीत, पाणी सोसणारी वाळुंजाची झाडं लागतील. कागदावर मी दोन्ही रेषा काढू शकते. कोणती ओढायची ते मी या खेपेला ठरवणार नाही. तू कोरडी म्हणालास तर नळ्या उघड्या राहतील आणि खालचं शेत पुन्हा पूर्वीसारखं होईल. मोठ्या बाईंना मी तसं आधीच सांगून ठेवलं आहे.

आणि पाणी नेमकं कुठवर येतं, हे मला इथे बसून सांगता येत नाही. ते चालूनच कळतं. मी तेच तर सगळ्यांना सांगत फिरते.

म्हणून उद्या सकाळी खुंट्या आणि हातोडी घेऊन फाटकाशी येते. फाटक बंद असलं तर खुंट्या बाहेर ठेवून जाईन, तू तुझ्या हिशेबाने ठोक. उघडं असलं तर आत येईन. बोलायला हवंस असं नाही. तू पुढे चाल, वरून खाली. मी मागून येते. तुझे बूट जिथे रुतायला लागतील तिथे नुसता थांब. खुंटी मी ठोकते.

तुझी शेजारीण